कुंपणापलीकडचा होकार

२ नोव्हेंबर २००३, रविवार

आज मृतांचा दिवस. सकाळी चर्चमध्ये मिसेनंतर आईबाबांच्या थडग्यांवरच्या खुरसांपाशी मेणबत्त्या लावल्या. वाऱ्याने विझवल्या, पुन्हा लावल्या, पुन्हा विझल्या. मग बायकोने, फिलूने, त्या नारळाच्या करवंट्यांत उभ्या केल्या, तेव्हा टिकल्या.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे दाराला कडी घातली आणि तेर्साला बसलो. जपमाळ फिलूच्या हातात, पुढून ती म्हणते, मागून मी. माळ संपली की तिचे ठरलेले मागणे. चार वर्षे झाली, त्यात काना-मात्रेचा फरक नाही. “सायबा, तिका बरी बुद्धी दी, आनी ह्या घराचा दार उघडा होवंदे.” तिका म्हणजे लविनाला, आमच्या एकुलत्या एक मुलीला. देवबागच्या एका होडीवाल्याच्या मुलाशी, त्या रविराजशी, तिने कचेरीत सह्या करून लग्न केले. तळेऱ्याच्या नाक्यावर त्याचे पंक्चर काढायचे दुकान आहे, तिथे राहतात. एक पोर झाली, तिचे नाव गौरजा ठेवले म्हणे, ऐकून मी नाक मुरडले. तिला बुद्धी यावी असे माझेही मत आहे. पण रोज उठून तेच सांगायचे, तेही मोठ्याने, हे मला पटत नाही. परमेश्वर बहिरा नाही.

आणि तिचे मागणे संपते न संपते तोच कुंपणापलीकडून दाजींचे “व्हय म्हाराजा!”

दाजी आमचे शेजारी. देवळात वर्षानुवर्षे गाऱ्हाणे घातलेला माणूस. त्यांच्यात एकाने देवापुढे मागणे मांडायचे आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला “व्हय म्हाराजा” म्हणायचे अशी रीत. आता होडी सुटली, गाऱ्हाणेही पुतण्याकडे गेले, दिवेलागणीला ते ओट्यावर बसून असतात. फिलूचे मागणे पहिल्यांदा कानावर पडले तेव्हा सवयीने होकार निघून गेला, तो अजून जातोच आहे. गाऱ्हाणे कोणत्याही देवाला घातले तरी मागून होकार द्यायला माणूस लागतो, असे त्यांचे म्हणणे. मी एकदा तक्रार केली तर फिलूने माझ्याशी जेवण होईपर्यंत शब्द काढला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

मिसेनंतर फादर एलायसना गाठले. ते वसईचे, वयाने माझ्या निम्मे, पण वाचलेले आहेत. मी विचारले, मागण्याआधीच बापाला सगळे ठाऊक असते, उगाच बडबड करू नका, असे खुद्द येशूनेच सांगितले आहे ना? मग माझ्या बायकोला कोणीतरी समजवावे. मी वेंगुर्ला आगारात एस.टी.चा कंट्रोलर. दिवसभर भोंग्यावर तेच तेच बोलतो. ‘कुडाळ, कणकवली, तळेरे मार्गे विजयदुर्गला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागली आहे.’ एकदा बोलतो, दोनदा बोलतो, आणि तिसऱ्यांदा भोंग्याखालीच उभा असलेला माणूस खिडकीशी येऊन विचारतो, विजयदुर्ग कधी? तेव्हा पुन्हा पुन्हा बोलण्याचा उपयोग किती, हे मला कोणी शिकवायला नको.

फादरनी दुसरी गोष्ट काढली. एक न्यायाधीश होता, देवाला भ्यायचा नाही, माणसाला मोजायचा नाही. एक विधवा रोज त्याच्या दारात यायची, तेच मागायची. शेवटी कटकट नको म्हणून त्याने तिला न्याय दिला. मी म्हटले, त्यात देवाचे काय कौतुक? तो न्यायाधीशच घुम्या आणि बेपर्वा होता. फादर माझ्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “लोबोकाका, ही गोष्ट घरी मोठ्याने वाचून दाखवा.”

घरी वाचून दाखवली. फिलू कुळीथ निवडत होती. “ठावक आसा,” म्हणाली आणि निवडत राहिली.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

विजयदुर्ग गाडीत महादू ड्रायव्हरच्या सीटमागे पुन्हा ती खाकी पिशवी. पावती नाही, मालक नाही, आणि वास सुक्या बांगड्यांचा. नियमाने उतरवायला हवी होती. कोणाची म्हणून विचारले तर महादू म्हणाला, तळेऱ्याक देवची आसा. तळेऱ्याला काय शंभर घरे आहेत. मी लॉगशीटवर सही करून गाडी सोडली.

घरी आलो तर सुक्या बांगड्यांचे मडके अर्धे रिकामे. मांजराचा बंदोबस्त करायला हवा.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

फिलूच्या गळ्याला गाठ आली आहे. बरेच दिवस असावी. ती पदर वर ओढून बसायची, मला वाटले थंडी. डॉक्टरांनी गोव्याला दाखवायला सांगितले होते, आज दाखवून आलो. जानेवारीत ऑपरेशन. गाठ कसली ते काढल्यावरच कळेल म्हणाले. येताना गाडीत फिलू खिडकीशी बसून बांद्यापर्यंत झोपली. मी झोपलो नाही.

संध्याकाळी तेर्स झाल्यावर म्हणाली, “लविनाच्या पप्पा, माका कायव होवच्या आधी ती ह्या घरात येवक व्हयी.” ती अजून मला लविनाचे पप्पाच म्हणते. तोंडात बसलेले नाव सुटत नाही. मी म्हटले, येऊ दे की, तिला कोणी अडवलेय? फिलूने दाराकडे पाहिले. मीही पाहिले. कडी गंजत चालली आहे, तेल घालायला हवे.

२४ डिसेंबर, बुधवार

चांदणी टांगली. फिलूने नाताळच्या गोड नेवऱ्या केल्या, नेहमीपेक्षा कमी. मानेला ताण पडतो.

नाताळ आला की वाडीतले लोक माझ्याकडे एका विशिष्ट नजरेने पाहतात, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो. लग्नानंतरच्या पहिल्या नाताळला लविना आली होती हे खरे आहे. मी तिला हाकलले हे खोटे आहे. मी आरामखुर्चीत पेपर वाचत होतो. बाहेरून कडी वाजली. तिने “पप्पा” म्हणून हाक मारली. फिलू मागे विहिरीवर होती. मी पेपर वाचत राहिलो. थोड्या वेळाने कडी वाजायची थांबली. मी तिला एक शब्द वाईट बोललो नाही. फिलू आली तेव्हा पायरीवर नेवऱ्यांचा डबा होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या. तेवढेच झाले.

माफी मागायची असती तर ती पुन्हा आली असती. म्हणूनच तिला बुद्धी दे म्हणायचे ना?

मध्यरात्रीच्या मिसेला फिलू एकटी गेली. मला सर्दी आहे.

१५ जानेवारी २००४, गुरुवार

गोव्याला इस्पितळात. ऑपरेशन उद्या. संध्याकाळी फिलूने खाटेवर बसूनच माळ ओढली आणि वॉर्डभर ऐकू जाईल असे मागणे मागितले. मी तिला म्हटले, इथे घर नाही, दार नाही, कशाला? तिने ऐकले नाही. दाजी नसल्यामुळे मागणे अर्धवट राहिल्यासारखे वाटले. बाजूच्या खाटेवरची पेडण्याची म्हातारी म्हणाली, “आमेन जांव गो बाय.” ती हिंदू आहे. या बाजूला सगळ्यांनाच दुसऱ्याच्या मागण्यात होकार भरायची खोड.

१७ जानेवारी, शनिवार

ऑपरेशन नीट झाले. गाठ तपासायला पाठवली आहे. आवाज गेला आहे. होते असे कधी कधी, हळूहळू परत येईल, असे डॉक्टरांनी आधीच सांगितले होते. फिलू तोंड हलवते, पण नुसता वारा येतो.

दुपारी भेटीच्या वेळेला तिने खुणा करून मला मोसंबी आणायला पाठवले. मोसंबी खाटेखाली होती, तरी पाठवले. परत येताना जिन्यात एक बाई लहान मुलीला कडेवर घेऊन खाली उतरत होती. मागून लविनासारखी वाटली. हल्ली पुष्कळ बायका मागून तशा वाटतात.

फिलूच्या उशाशी अबोलीचा गजरा, वळेसार, होता. मी विचारले नाही.

२२ जानेवारी, गुरुवार

काल घरी आलो. आज संध्याकाळी कडी घालून बसलो, तर फिलूने माळ माझ्या हातात दिली. घरातला तेर्स मोडायचा नाही. तिच्या आईने म्हणे तापात फणफणतानासुद्धा मोडला नव्हता. तीस वर्षे मी मागून म्हणत आलो, पुढून म्हणायची वेळ आली तेव्हा दोनदा अडखळलो. शेवटी तिचे मागणे. ते पाठच आहे. “सायबा, तिका बरी बुद्धी दी—”

फिलूने मान हलवली आणि माझ्याकडे बोट केले. म्हणजे आवाज बारीक पडला असावा. पुन्हा म्हटले. तिने पुन्हा बोट केले.

२६ जानेवारी, सोमवार

सकाळी आगारात झेंडावंदन. संध्याकाळी मागणे भोंग्यावर बोलतो त्या आवाजात म्हटले. माडावरचे कावळे उडाले. तरीही फिलूचे बोट माझ्याकडेच. बोट माझ्या छातीला टेकवले, मग देवाच्या आल्ताराकडे वळवले, मग पुन्हा माझ्या छातीला. याहून मोठा आवाज माणसाचा असत नाही, असे मी तिला सांगितले. तिने कपाळावर हात मारला. आजारी माणूस चिडचिडा होतो.

एक गोष्ट लक्षात आली. दाजींचा होकार येत नाही. ओट्यावर बसलेले दिसतात, खोकतात, पण गप्प.

१ फेब्रुवारी, रविवार

गोव्याहून रिपोर्ट आला. गाठ वाईट नव्हती. फिलूने छातीवर खुरीस काढला आणि मागच्या दारी जाऊन बराच वेळ तोंड धुतले. मी दोन वेळा चहा करून प्यायलो, दुसऱ्यात साखर घालायची विसरलो. मनात म्हटले, आता सगळे पूर्वीसारखे होईल. मग पूर्वीचे काय इतके चांगले होते ते आठवत बसलो.

संध्याकाळी मागणे. बोट. कुंपणापलीकडे शांत. एखाद्या गाडीला घंटी देऊनही ती फलाटावरून हलू नये तसे मागणे खोलीतच उभे राहते. दाजींचा मला इतका त्रास व्हायचा, आणि आता होकार नाही तर जेवण गोड लागत नाही. वयाचा परिणाम असेल.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज सुट्टी होती. सकाळी दाजींकडे गेलो. ओट्यावर बसून जाळ्याचा तुटलेला कोपरा विणत होते. होडी नाही तरी जाळी सुटत नाही. तब्येत विचारली, बरी म्हणाले. फिलूची तब्येत त्यांनी विचारली, बरी म्हणालो. मग म्हटले, दाजी, हल्ली तुमचा होकार ऐकू येत नाही. माझ्याकडून कमीजास्त काही झाले का?

त्यांनी सुई थांबवली. “गाऱ्हाणाच चुकीचा घातलंस, तर व्हय कसा म्हणतलंय?”

मी म्हटले, चुकीचे कसे? शब्द न् शब्द फिलूचाच आहे.

“बाय ‘तिका’ म्हणना नाय रे बस्त्याव. ‘तेका’ म्हणता. तेका बुद्धी दी.” मग जाळ्याकडे पाहत, “तेका म्हंजे तुका.”

मी म्हटले, चार वर्षे मी तिच्याशेजारी बसून ऐकतोय. दाजी म्हणाले, “तुका ठावक आसतला असा वाटला माका. वाडीत सगळ्यांका ठावक आसा.”

घरी आलो. फिलू भात वेळून पेज काढत होती. मला पाहिले आणि तिला कळले, कारण दाजींचा ओटा आमच्या स्वयंपाकघरातून दिसतो. मी विचारले नाही आणि तिला आवाज नाही. जेवण झाले.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

ति आणि ते. एवढाच फरक. तिका म्हणजे तिला, तेका म्हणजे त्याला. भोंग्याखाली तीस वर्षे काढल्यावर कान थोडे जातात, हे मी कबूल करतो. पण तिने स्पष्ट बोलायला हवे होते. मला सांगायचे होते तर मला सांगायचे, मी समोरच बसलेला होतो. देवाच्या आडून सांगायचे, शेजाऱ्याने त्याला होकार भरायचा, वाडीने ऐकायचे आणि माझ्या घरात मी एकटा खुळा. आज राग आला आहे आणि तो योग्य आहे.

संध्याकाळी माळ हातात घेतली नाही. ड्युटी आहे म्हणून आगारात जाऊन बसलो. ड्युटी नव्हती.

१० फेब्रुवारी, मंगळवार

चार दिवस मी तेर्साला बसलो नाही. फिलू बसते. आज लवकर घरी आलो आणि आतल्या दाराशी उभा राहून पाहिले. ती माळ ओढत होती, आवाज नाही, नुसते ओठ. सगळे शेवटी त्या मागण्याशी येऊन थांबले. आवाज नसला की ओठ नीट दिसतात. ‘ति’ म्हणताना ओठ ताणले जातात. तिचे ताणले गेले नाहीत.

मग ती थोडा वेळ थांबली. कुंपणाकडे कान देऊन. तिला आवाज नाही तर दाजींना ऐकू काय जाणार, हे तिलाही कळत असेल, तरी थांबली.

फादरांची ती न्यायाधीशाची गोष्ट आठवली. ती मीच तिला मोठ्याने वाचून दाखवली होती. आणि ती म्हणाली होती, ठावक आसा.

१४ फेब्रुवारी, शनिवार

महादूच्या सीटमागे खाकी पिशवी. फिलू अंथरुणावर असल्यामुळे बरेच दिवस दिसली नव्हती. मी महादूला खाली बोलावले. तो घाबरला, त्याला वाटले आता मेमो. मी विचारले, पिशवी पोचवतोस तेव्हा ती काय म्हणते? तो म्हणाला, दरवेळी एकच विचारते, पप्पांनी पाठवली की मम्मीने? आणि तो काय सांगतो? महादू टोपी हातात फिरवत राहिला. “कंट्रोलरानू, माका खोटा बोलूक जमना नाय.”

सही करून गाडी सोडली. मग विजयदुर्गची घोषणा केली. गाडी सुटल्यावर केली. लोक हसले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज माळ मी घेतली. फिलूने दिली नाही, मीच तिच्या मांडीवरून उचलली. ‘नमान मोरिये’ ही माळेतली प्रार्थना म्हणताना कुठेही अडखळलो नाही. मग मागणे आले.

‘तिका’ म्हणणे शक्य नव्हते. ‘तेका’ म्हणून पाहिले, मनातल्या मनात. ते माझ्या तोंडी विचित्र वाटते, जणू तिसराच कोणी खुर्चीत बसून पेपर वाचतो आहे. मग म्हटले, “सायबा, माका बरी बुद्धी दी, आनी ह्या घराचा दार उघडा होवंदे.” आवाज अगदी बारीक निघाला. दाजींपर्यंत गेला नसणार. देवापर्यंत गेला की नाही, मला सांगता येणार नाही. फिलूपर्यंत गेला.

तिने बोट केले नाही. पदराने डोळे पुसले आणि तशीच बसून राहिली. मला वाईट वाटले. इतके दिवस वाटायला हवे होते ते एकदम वाटले. फार वाटले.

२१ फेब्रुवारी, शनिवार

फलाट तीनवर विजयदुर्ग लागली. घोषणा केली, माईक शेजारच्या टेबलावरच्या हरिश्चंद्रकडे दिला आणि त्याच गाडीत जाऊन बसलो. तीस वर्षे जी गाडी रोज सोडली तिच्यात बसायची पहिलीच वेळ. कुडाळला कंडक्टरने तिकिटाचे विचारले नाही, मी मागून घेतले. महादूने आरशातून तीन-चारदा पाहिले.

तळेऱ्याला उतरलो. दुकानापुढे रविराज ट्रकचे चाक काढत होता. मला पाहून उभा राहिला. हात काळे होते, ते फडक्याला पुसले, पुन्हा पुसले, मग म्हणाला, “येवा. घर पाठी आसा.” आणि स्वतः चाकाकडे वळला. त्याच्या जागी मी असतो तर इतके बोललो नसतो.

मागे दोन खोल्या. दाराला आतून कडी. आत एक लहान पोर मोठ्याने बोलत होते. मी हात वर केला आणि तसाच थांबलो, कारण ती म्हणत होती, “कुडाळ, कणकवली, तळेरे मार्गे इजयदुर्गाक जाणारी गाडी फलाट नंबर पाचार...” आणि आतून लविनाचा आवाज, “पाचार नाय गो गौरजा, तीनार.”

कडी वाजवली. आतले बोलणे थांबले. मी हाक मारली नाही, काय म्हणून मारायची ते ठरले नव्हते. कडी वाजवल्यावर माणूस बाहेर किती वेळ उभा राहतो, हे मला आज कळले. तो वेळ पेपर वाचणाऱ्याला फार वाटत नाही. मी पुन्हा वाजवली.

लविनाने दार उघडले. बारीक झाली आहे. चौकटीला हात लावून उभी राहिली, आत ये म्हणाली नाही. “मम्मीचो आवाज कसो आसा?”

मी म्हटले, येतोय थोडा थोडा. मग पुष्कळ बोलायचे होते, गाडीत कणकवलीपर्यंत जुळवलेही होते. त्यातले एकही वाक्य जागेवर नव्हते. मी म्हटले, “दाराची कडी मी काढून ठेवलीय. संध्याकाळचीसुद्धा घालत नाही.”

मग तिने हात चौकटीवरून काढला आणि चहा टाकायला आत गेली. मी आत जाऊन टोकाला बसलो. पोरीने विचारले, ह्यो कोण? लविनाने चुलीकडे तोंड करून सांगितले, “गाडयेंची नावां सांगतत, ते.” पोर माझ्याकडे मोठ्या माणसाकडे पाहावे तसे पाहू लागली. तिला गौरजा हे नाव शोभते. मी उगाच नाक मुरडले होते.

चहा प्यायलो. येशील का, असे विचारले नाही. ती येते म्हणाली नाही. परतीच्या गाडीला बसवायला रविराज आला होता.

२५ फेब्रुवारी, बुधवार

राखेचा बुधवार. कपाळाला राख लावून घेतली. उपवासाचे दिवस सुरू. फादरनी विचारले, फिलूबाईंचे मागणे काय म्हणते? मी म्हटले, चालू आहे. घोषणेने गाडी येत नसते, ती रस्त्यावरून यायची तेव्हाच येते. पण घोषणा ऐकून माणसे फलाटावर तरी थांबतात. फादर हे प्रवचनात वापरू का म्हणाले. मी नको म्हटले.

दार उघडे असल्याने काल कोंबडी आत आली आणि आल्ताराखाली बसली. फिलू हसली. हसण्याला थोडा आवाज होता.

२९ फेब्रुवारी, रविवार

दुपारची ड्युटी. विजयदुर्गहून येणारी गाडी उशिरा आली. महादूने फलाट तीनवर लावली आणि हॉर्न दिला, जो द्यायचे काही कारण नव्हते. आधी रविराज उतरला, मग त्याने पोरीला घेतले, मग लविना. हातात डबा. मी माईकसमोर होतो. मी घोषणा केली, विजयदुर्ग, तळेरे, कणकवली, कुडाळ मार्गे येणारी गाडी वेंगुर्ल्याला आली आहे. आलेल्या गाडीची घोषणा आम्ही करत नाही. मी ती पुन्हा एकदा केली. हरिश्चंद्र म्हणाला, ऐकलं सगळ्यांनी, जावा आता घराक.

फिलू दारात उभी होती. दोघींचे जे काय झाले ते मी पाहत बसलो नाही, चपला नीट लावत राहिलो. डब्यात नेवऱ्या. उपवासाच्या दिवसांत गोड खायचे नसते. मी तीन खाल्ल्या.

संध्याकाळी सगळे चटईवर बसलो. रविराज मागे भिंतीला टेकून, पोर त्याच्या मांडीवर. दार सताड. माळ फिलूने घेतली. आवाज घोगरा, अधूनमधून तुटणारा, पण तिचा. लविना मागून म्हणत होती. तिला सगळे येत होते. माळ संपली आणि मागण्याची जागा आली.

फिलूने तोंड उघडले. मग माझ्याकडे पाहिले, लविनाकडे पाहिले, आणि पुन्हा मिटले. मागायला काही उरले नव्हते. चार वर्षे ज्या जागी ते शब्द होते तिथे कोणीच काही बोलेना. मणी तसाच तिच्या बोटात.

आणि कुंपणापलीकडून दाजी म्हणाले, “व्हय म्हाराजा.”

दार उघडे होते, म्हणून नेहमीपेक्षा जवळून ऐकू आले.